मलप्रभेच्या पात्रातली शिंपल्यांची मोजणी

बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीचा पाऊस थांबला तरी मलप्रभेचं पाणी लगेच निवळत नाही. ओढे बारीक व्हायला आणि लाल गढूळपणा खाली बसायला दिवाळी उलटावी लागते. मग जांबोटीपासून खानापूरच्या खालपर्यंत गुडघा-मांडीभर पाण्यात तळ दिसायला लागतो. शिंपले मोजायचे तर डिसेंबर ते फेब्रुवारी हाच हंगाम. एप्रिलनंतर उतरण्यात अर्थ नाही. तेव्हा डोहाडोहांत तुटक पाणी उरतं, ते तापतं, शिंपले चिखलात खोल जातात आणि वर काढलेला शिंपला उन्हात लवकर दगावतो.

शिंपले मोजायचं मोठं काम समुद्रावर चालतं. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर स्कॅलप नावाच्या शिंपल्यांचे पट्टे मोजायला ८ फूट रुंदीचं लोखंडी ड्रेज, म्हणजे कड्यांच्या जाळीची फरफटत न्यायची पिशवी, ३.८ नॉट, म्हणजे तासाला सुमारे ७ किलोमीटर वेगानं १५ मिनिटं तळावरून ओढतात. बारके शिंपले निसटू नयेत म्हणून आत बारीक जाळीचं अस्तर असतं. तेवढ्या वेळात साधारण एक सागरी मैल अंतर होतं. २.४४ मीटर रुंदी आणि सुमारे १८०० मीटर लांबी धरली तर एका ओढीत ४,४०० चौरस मीटर तळ झाडून निघतो. पण ड्रेजखालून गेलेला प्रत्येक स्कॅलप पिशवीत येत नाही. बरेच मागे राहतात, आणि खडकाळ तळावर तर जास्तच. म्हणून जहाजामागून ओढलेल्या कॅमेऱ्यानं तळाचे फोटो काढतात आणि ड्रेजच्या आकड्याशी ते ताडून बघतात.

मलप्रभेत ड्रेज चालत नाही. पात्र अरुंद, मध्ये कातळ, आणि इथले शिंपले स्कॅलपसारखे तळावर उघडे पडलेले नसतात. ते वाळूत रुतून बसतात आणि फक्त मागची कड वर ठेवतात. त्यामुळे आम्ही चौकट, चाळण आणि हात यांवर काम करतो. हिशेबाचे प्रश्न मात्र तेच राहतात: नेमकी किती जागा तपासली, आणि त्या जागेतले किती सुटले. दुसऱ्या प्रश्नाला बगल दिली की आकडा कितीही देखणा असो, त्याला किंमत नाही.

पाण्यात उतरण्याआधी काय मोजायचं ते ठरलेलं हवं. या पट्ट्यात मुख्यतः तीन प्रकार हाताला लागतात. लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस हा लांबट, पातळ कवचाचा, काळपट तपकिरी. ८-१० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि संथ पाण्यातला चिखल धरून राहतो. पॅरेसिया कॉरुगाटा छोटा, गोलसर, जाड कवचाचा; बिजागरीजवळच्या उंचवट्यावर नागमोडी वळ्या असतात, आणि त्याला वाहतं पाणी, वाळू-खडी लागते. तिसरी कॉर्बिक्युला, दोन-तीन सेंटिमीटरची, त्रिकोणी, पिवळसर, अंगावर सारख्या अंतराच्या आडव्या कडा. लहान पॅरेसिया आणि कॉर्बिक्युला यांत नवखा माणूस हमखास गोंधळतो. मेलेलं कवच आतून पाहिलं की शंका फिटते. पॅरेसियाला आत मोत्यासारखी चकाकी असते, कॉर्बिक्युलाच्या आत चिनी मातीसारखा गुळगुळीत पांढरा-जांभळा थर. जिवंत शिंपल्यावर मात्र वळ्या आणि कडाच बघायच्या. उघडून बघायचा मोह आवरायचा.

जागा निवडताना काठावरच्या माणसांना विचारणं सोडायचं नाही. "मामा, शिंपा कुठं गावतात?" असं विचारलं की उत्तर नेमकं येतं: "देवळाच्या खालच्या डोहात बघा, पायाला लागतात." ही माहिती सोन्यासारखी, पण धोक्याचीही. लोक दाट जागा सांगतात. सगळ्या चौकटी तिथंच टाकल्या तर नदीभर शिंपलेच शिंपले आहेत असा निष्कर्ष निघतो. म्हणून आधी पात्राचे गट पाडायचे: खळाळ, वाळूचा सपाट पट्टा, डोहाची कड, बंधाऱ्यामागचा गाळ. प्रत्येक गटाला वेगळ्या चौकटी आणि वेगळा हिशेब. बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, ऑक्टोबरच्या सुमारास बसवले की मागे पाणी साठतं, वेग मरतो, गाळ बसतो. अशा जागी लॅमेलिडेन्सची अपेक्षा ठेवायची, पॅरेसियाची नाही. दोन्ही जागांचे आकडे एकत्र करून सरासरी काढली तर ती ना बंधाऱ्यामागची, ना खळाळाची.

परवानगीचं थोडक्यात. ग्रामपंचायतीत पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, कन्नडमधून एक अर्ज, त्यात तारखा आणि पाण्यात उतरणाऱ्यांची नावं. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे. त्याच्या हद्दीत काम असेल तर वनखात्याचं लेखी पत्र आधी, सामान नंतर.

सामान फार लागत नाही. ५० × ५० सेंटिमीटरची चौकट, म्हणजे पाव चौरस मीटर. ती सळईची वेल्डिंग करून घ्यावी. पीव्हीसी पाइपची हलकी चौकट प्रवाहात सरकते. तीच वापरायची असेल तर आत वाळू भरून टोकं बंद करावीत. दोन चाळणी, वरची ६ मिलिमीटर भोकांची, खालची ३ मिलिमीटरची. बांधकामावरची वाळूची चाळण वर चालते, खालच्या चाळणीला बारीक जाळी ताणून बसवून घ्यावी लागते. फायबरची ५० मीटर टेप घ्यावी. नायलॉनच्या दोरीला गाठी मारून अंतर मोजू नये, ओली झाली की ती ताणते. व्हर्निअर कॅलिपर, दोन प्लास्टिकच्या बुट्ट्या, ओलं गोणपाट, तळाला काच बसवलेली बादली, खोलीसाठी खुणा केलेली काठी, आणि ट्रकची हवा भरलेली ट्यूब. ट्यूबमध्ये बुट्टी ठेवून ती कमरेला दोरीनं बांधली की दोन्ही हात मोकळे राहतात. नोंदीला पेन्सिल. बॉलपेन ओल्या कागदावर उमटत नाही आणि उमटलं तर पसरतं.

आता मांडणी. समजा वाळूचा पट्टा ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद आहे, म्हणजे १,२०० चौरस मीटर. लांबीत दर ५ मीटरला एक आडवी ओळ आणि प्रत्येक ओळीवर दर ४ मीटरला एक चौकट धरली तर १२ ओळी गुणिले ५, एकूण ६० चौकटी होतात. पहिली चौकट कुठं पडायची हे आपण ठरवायचं नाही, चिठ्ठीनं ठरवायचं. लांबीसाठी ० ते ४ आणि रुंदीसाठी ० ते ३ अशा चिठ्ठ्या टाकून जे निघेल तिथून सुरुवात, पुढचं सगळं आपोआप येतं. चौकट कातळावर पडली तर ती उचलून शेजारच्या मऊ वाळूत ठेवायची नाही. कातळ लिहायचा, शून्य लिहायचं. हात दुखायला लागल्यावर चौकट सोयीच्या जागी सरकवण्याची इच्छा सगळ्यांनाच होते, आणि मोजणी बिघडते ती बहुतेक तिथंच.

काम नेहमी खालच्या ओळीपासून सुरू करून प्रवाहाच्या विरुद्ध वर जायचं. खणलेला गाळ मग आपल्या मागे वाहून जातो आणि पुढची चौकट स्वच्छ राहते. उलट केलं तर दुसऱ्या ओळीपासूनच काही दिसत नाही.

चौकट टेकली की आधी हात न लावता बघायचं. काचेची बादली पाण्यावर दाबून धरली की वाळूत दोन जोडलेल्या फटी दिसतात. एक झालरीसारख्या बारीक केसाळ कडेची, दुसरी गुळगुळीत कडेची. पहिलीतून पाणी आत जातं, दुसरीतून बाहेर पडतं. सावली पडली किंवा चौकट आपटली की दोन्ही फटी मिटतात आणि मग तिथं वाळूशिवाय काही दिसत नाही. म्हणून चौकट हळू टेकवायची आणि थोडं थांबायचं. असे वर दिसलेले शिंपले वेगळे मोजून वेगळ्या रकान्यात लिहायचे. त्यानंतर चौकटीतली वाळू १५ सेंटिमीटर खोलीपर्यंत हातानं किंवा खुरप्यानं बुट्टीत काढायची आणि चाळायची. खणल्यावर सापडलेले दुसऱ्या रकान्यात. या दोन रकान्यांतलं प्रमाण महिन्यागणिक बदलतं. पाणी थंड असलं की शिंपले खाली जातात, वरून दिसणारे घटतात. नुसत्या नजरेच्या मोजणीवरून डिसेंबरात शिंपले कमी आणि फेब्रुवारीत वाढले असं कोणी सांगत असेल तर त्यानं खणलं होतं का, हे आधी विचारावं.

पाणी गढूळ असेल तर नजरेचा रकाना सरळ सोडून द्यायचा. काळी-पांढरी, २० सेंटिमीटर व्यासाची सेची तबकडी अर्ध्या मीटरच्या आत दिसेनाशी झाली तर त्या दिवशी फक्त हात आणि चाळण. अर्ध्या चौकटी बघून आणि अर्ध्या चाचपून केलेली मोजणी जुळत नाही.

कडेवरच्या शिंपल्याचं काय? नियम एकदाच ठरवायचा: वरच्या आणि डाव्या सळईवर असलेला आत, खालच्या आणि उजव्या सळईवरचा बाहेर. हा नियम नसला की प्रत्येक जण कडेचा शिंपला आतच ओढतो आणि चौकट कागदावर पाव चौरस मीटरची, प्रत्यक्षात मोठी होऊन बसते.

सापडलेला प्रत्येक शिंपला जिवंत आहे असं नाही. उघडा, वास येणारा किंवा आतून शेवाळलेला ओळखता येतो. फसवणारा असतो तो मातीनं भरलेला: कवच घट्ट मिटलेलं, हाताला जड, बाहेरून अगदी ताजं. मेलेल्या शिंपल्याच्या झडपा, म्हणजे कवचाचे दोन भाग, बिजागरीच्या पट्टीनं धरून ठेवलेल्या असतात आणि आत चिखल दाबून बसलेला असतो. खानापूरची माती आधीच बारीक, कुंभारकामाची. ती कवचात अशी बसते की फट दिसत नाही. ओळखायची रीत सोपी आहे. दोन्ही झडपा अंगठा आणि तर्जनीत धरून एकमेकींवर आडव्या सरकवायच्या. जिवंत शिंपल्याचे स्नायू त्या हलू देत नाहीत. मातीच्या शिंपल्यात किंचित घसरण जाणवते आणि कडेतून चिखलाची बारीक रेघ बाहेर येते. मेलेले टाकून द्यायचे नाहीत, त्यांचाही रकाना असतो. चकाकी टिकलेल्या, जोडलेल्या झडपा एकाच ओळीत बऱ्याच निघाल्या तर अलीकडेच तिथं काहीतरी बिघडलं आहे. मग पाणी किती उतरलं होतं, वर कुठं वाळू उपसली, कुणाच्या जॅकवेलसाठी (पाणी उपसायच्या विहिरीसाठी) पात्रात चर मारला, हे त्याच दिवशी चौकशी करून लिहून ठेवायचं.

जिवंतांची लांबी कॅलिपरनं मिलिमीटरमध्ये मोजायची, सर्वात पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत. शिंपले तोवर ओल्या गोणपाटाखाली, सावलीत, आणि एका चौकटीचे संपल्याशिवाय दुसरीचे काढायचे नाहीत. परत ठेवतानाही शिस्त आहे. बिजागरीजवळचा उंचवटा ज्या टोकाच्या जवळ तो पुढचा भाग, तो वाळूत जायला हवा. लांब राहणारं टोक वर. पाय पुढच्या बाजूनं निघतो आणि पाण्याच्या फटी मागच्या बाजूला असतात. अर्धा रुतवून ठेवला की पुढचं तो बघून घेतो. काठावरून भिरकावलेला शिंपला दगडावर आपटून कड फुटते. कड फुटलेला जगण्याची खात्री नाही.

खालच्या ३ मिलिमीटरच्या चाळणीत जे उरतं त्याकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण तिथं खडी आणि काड्यांच्या गर्दीत १०-१५ मिलिमीटरचं पिलू शोधायला वेळ जातो. आमच्या मते सगळ्या कामातला हाच भाग सर्वात मोलाचा. लॅमेलिडेन्स आणि पॅरेसिया यांची अळी माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून काही दिवस काढते आणि मग गळून तळाला पडते. मासा नाही तर पिलू नाही. मोठे शिंपले अनेक वर्षं जगतात, त्यामुळे मासे येणं बंद झालं तरी पट्ट्यावरची संख्या लगेच घटत नाही. लांबीचे ५-५ मिलिमीटरचे गट पाडून तक्ता केला आणि त्यात नुसते मोठेच निघाले, तर चौरस मीटरला कितीही भरले तरी तो पट्टा म्हातारा झालेला आहे. कॉर्बिक्युलाला माशाची गरज लागत नाही. तिची पिलं भरपूर दिसली म्हणून बाकी दोघांचं बरं चाललंय असं धरू नये. दोन तक्ते वेगळे ठेवावेत.

सुटलेल्यांचा अंदाज घ्यायला काही चौकटी दोनदा चाळायच्या. पहिल्या माणसानं चाळून बाजूला टाकलेली वाळू दुसरा पुन्हा चाळतो. पहिल्याला ८ आणि दुसऱ्याला २ मिळाले तर हिशेब असा: ८ चा वर्ग भागिले (८ वजा २), म्हणजे ६४ भागिले ६, चौकटीत एकूण सुमारे १०.७. म्हणजे पहिल्या हातात साधारण पाऊण भाग येतो. हे प्रमाण माणसागणिक वेगळं असतं. संध्याकाळी पाठ भरून आली की त्याच माणसाचंही उतरतं. म्हणून दुहेरी चाळणीच्या चौकटी दिवसभर विखरून घ्यायच्या, सगळ्या सकाळच्या नकोत.

मग एकूण संख्या. समजा ६० चौकटींत, म्हणजे १५ चौरस मीटरमध्ये ४२ जिवंत मिळाले. चौरस मीटरला २.८. गुणिले १,२०० केले की ३,३६०. अहवालात एवढंच लिहून थांबणारे पुष्कळ. पण शिंपले सारखे पसरलेले नसतात. बहुतेक चौकटींत शून्य आणि चार-दोन चौकटींत पाच-सहा. चौकटींमधल्या आकड्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या पसाऱ्याचं माप, १.४ आलं तर त्याला ६० च्या वर्गमुळानं भागून ०.१८ येतं, चौरस मीटरला ०.७२. ९५ टक्के खात्रीनं बोलायचं तर २.८ च्या दोन्ही बाजूंना त्याची १.९६ पट धरून पट्ट्यावर १,६६० ते ५,०६० शिंपले आहेत, एवढंच म्हणता येतं. ही रुंदी निम्मी करायची तर चौकटी दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतात. एक चौकट खणून, चाळून, मोजून व्हायला दोघांना १०-१५ मिनिटं जातात, म्हणजे ६० चौकटी एका जोडीला दोन दिवसांचं काम. २४० कुणाला झेपणार? त्यापेक्षा आधी सांगितलेले पात्राचे गट नीट पाडले आणि दाट गटात जास्त चौकटी दिल्या तर त्याच कष्टात आकडा आवळतो.

वेगही नोंदवायचा. १० मीटर अंतर आखून संत्रं सोडायचं. ते बरंचसं बुडून तरंगतं, वाऱ्यानं फारसं ढकललं जात नाही आणि दुरून दिसतं. २५ सेकंद लागले तर पृष्ठाचा वेग सेकंदाला ०.४ मीटर, त्याला ०.८५ नं गुणून सरासरी ०.३४. तीनदा सोडून मधलं माप घ्यावं.

धोक्यांपैकी पहिला वाळूउपशाचे खड्डे. वरून सपाट दिसणाऱ्या पात्रात एका पावलात छातीभर पाणी होतं. काठीनं चाचपल्याशिवाय पुढचं पाऊल नाही, आणि १.२ मीटरपेक्षा खोल जागा आम्ही मोजत नाही. ती जागा पट्ट्याच्या क्षेत्रफळातून वजा करायची आणि अहवालात "खोल भाग तपासलेला नाही" असं स्पष्ट लिहायचं; उथळाचा दर खोलाला लावायचा नाही. निपाणीकडे दूधगंगेवर किंवा हिडकलच्या खाली घटप्रभेत काम असेल तर धरणातून पाणी कधी सुटणार हे सकाळी फोन करून विचारायचं. कृष्णेत, रायबाग-कुडचीच्या बाजूला, मगरी आहेत. तिथं चौकट घेऊन उतरायचंच नाही, लांब दांड्याचा पंजा होडीतून वापरावा आणि आकडा तेवढाच कच्चा मानावा.

नमुना म्हणून जिवंत शिंपले आणायची गरज सहसा पडत नाही. प्रत्येक प्रकाराच्या जोडलेल्या रिकाम्या झडपा पिशवीत, आणि पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी पिशवीच्या आत. बाहेरचं लेबल पुसलं जातं. ओळखीबद्दल वाद असेल तर भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, तिथं दाखवता येतं. जागेची खूण मोबाईलच्या जीपीएसवर सोडू नये, त्याची चूक सहज पाच मीटरची असते आणि आमच्या ओळीच पाच मीटरवर आहेत. पुलाच्या खांबापासून किंवा घाटाच्या पायरीपासून टेपनं अंतर आणि होकायंत्रानं दिशा लिहावी. पट्ट्याची लांबी-रुंदी मात्र दर वर्षी नव्यानं मोजायची. एका पुरात वाळू इकडची तिकडे होते. गेल्या वर्षीचं १,२०० चौरस मीटर तसंच गुणायला घेतलं तर सगळी चाळाचाळ फुकट.